गंधर्व हे आडनाव नव्हे

आमच्या घरी नाट्यसंगीत यायचं ते रेडिओतून. निवेदक गायकाचं नाव सांगायला लागला की आजोबांचा अडकित्ता थांबायचा आणि नाव ऐकून झालं की पुन्हा सुपारी कातरणं सुरू. बालगंधर्व, छोटा गंधर्व ही नावं मी अशी अडकित्त्याच्या आवाजासकट ऐकली. माझी समजूत अशी की गंधर्व नावाचं कुठलंसं मोठं घर आहे. बाल हे घरातले कर्ते, छोटा त्यांचा मुलगा, सवाई कुणी चुलते आणि कुमार नातू. एकदा तसं विचारलं तेव्हा आजोबांनी कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं चार नावं लिहिली. नारायण श्रीपाद राजहंस. रामचंद्र गणेश कुंदगोळकर. सौदागर नागनाथ गोरे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. ‘‘गंधर्व हे आडनाव नव्हे,’’ ते म्हणाले, ‘‘ती लोकांनी मारलेली हाक आहे.’’

हे पुस्तक त्या पाठकोऱ्या कागदावरच्या चार नावांचं आहे.

चौघांवर स्वतंत्र लेखन मराठीत पुष्कळ झालं. बालगंधर्वांवर तर इतकं की त्याचीच एक मांडणी भरेल. पण चौघांना एकाच नावाखाली राहावं लागलं, आणि त्या नावानं प्रत्येकाच्या गाण्याचं काय केलं, हा प्रश्न घेऊन चौघांना शेजारी बसवावं असं मला फार दिवस वाटत होतं. त्याचं कारण व्यवहारातलं आहे. आजही एकाची ध्वनिमुद्रिका दुसऱ्याच्या छायाचित्राखाली फिरताना दिसते. पुण्यातल्या तरुण श्रोत्याला ‘सवाई’ म्हटलं की डिसेंबरची थंडी, मंडप आणि रात्र चढत जाताना रंगणारी मैफल आठवते. त्या शब्दामागे धारवाडकडचा एक माणूस उभा आहे हे अनेकांच्या गावीही नसतं. नाव इतकं मोठं झालं की माणूस त्याच्या सावलीत गेला. मला तो सावलीतून बाहेर यायला हवा आहे.

मुळात गंधर्व म्हणजे देवलोकीचे गायक. चांगल्या गळ्याला ही उपमा देणं आपल्याकडे जुनंच. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना ‘भूगंधर्व’ म्हणत, आणि भास्करबुवा बखले ‘देवगंधर्व’ म्हणून ओळखले गेले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला संगीताची शाळा काढली तिचं नावही गांधर्व महाविद्यालय. म्हणजे शब्द हवेत होताच. पण महाराष्ट्रात तो एका माणसाला असा चिकटला की पुढच्या प्रत्येक गंधर्वाला त्या माणसाच्या मापानं मोजलं जाऊ लागलं.

तो माणूस म्हणजे नारायणराव राजहंस. जन्म १८८८. लहानग्या नारायणाचं गाणं पुण्यात लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि त्यांच्या तोंडून ‘बालगंधर्व’ हा शब्द निघाला, असं सांगतात. सांगतात असंच म्हणायला हवं, कारण अशा उपाधीला कागद नसतो. सनद नाही, शिक्का नाही. कुणा मोठ्या माणसानं चारचौघांत एक शब्द उच्चारायचा आणि चारचौघांनी तो घरी न्यायचा. नारायणराव १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला झाले. १९११ मध्ये खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये भामिनी, १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तली सिंधू. उपाधी मिळालेल्या माणसानं ती आपल्या कंपनीच्या पाटीवर लावली, आणि त्या दिवसापासून ‘गंधर्व’ हा शब्द मराठी व्यवहारात आला. तिकीट गंधर्वांच्या नाटकाचं, पदं गंधर्वांची, वहिनींचं नेसणंसुद्धा गंधर्वांसारखं.

‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी नारायणरावांची मुलगी गेली. प्रयोग थांबला नाही. ही गोष्ट मराठी घरांत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ऐकणारा आता पटकन पुढे सरकतो. मला मात्र तिथे दर वेळी थांबावंसं वाटतं. भामिनीचा साज अंगावर चढवणारा तो तेवीस वर्षांच्या आतला बाप होता. लोक त्याला ‘बाल’ म्हणत होते.

आता ‘सवाई’ या शब्दाकडे येऊ. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी यांच्याबरोबर सवायकी पाठ करावी लागे. एक सवाया सव्वा, दोन सवाया अडीच. सवाई म्हणजे एक आणि वर पाव. पुण्याच्या माणसाला हा शब्द पेशवाईतूनही ठाऊक: थोरल्या माधवरावांच्या मागे त्यांच्या पुतण्याला तेच नाव ठेवलं गेलं तेव्हा तो सवाई माधवराव झाला. तेव्हा रामभाऊ कुंदगोळकरांचं गाणं ऐकून अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी ‘हे तर सवाई गंधर्व’ असे उद्गार काढले, ही सांगितली जाणारी हकीकत खरी मानली, तर त्या उद्गारात कौतुकाइतकीच तुलना होती. एका श्रोत्यानं दोन गळ्यांचं गणित मांडून पावाचा फरक जाहीर केला होता. गंमत म्हणजे रामभाऊंचा जन्म १८८६ चा. ज्यांच्या सव्वापट त्यांना ठरवलं, त्या बालगंधर्वांपेक्षा ते दोन वर्षांनी मोठे.

या पावाचं ओझं रामभाऊंनी कसं वाहिलं, हे दुसऱ्या प्रकरणात विस्तारानं येईल. इथे एवढंच सांगतो की ते मुळात रंगभूमीचे नव्हतेच. ते अब्दुल करीमखाँसाहेबांचे शागीर्द, किराणा घराण्याचे. गळा जात्या फार वळणारा नव्हता. तो त्यांनी घासून घासून तयार केला. नाटकांत त्यांनी नाव कमावलं, स्त्रीभूमिकाही केल्या. पण त्यांचं खरं काम रंगपटापासून दूर, शिष्यांसमोर झालं. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला शिकायला जात. सवाई गंधर्व एक पलटा देत आणि तो ठीक बसेपर्यंत दुसरा देत नसत. गाडीची वेळ होईपर्यंत तोच पलटा. गंगूबाई, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू, एका माणसाच्या हाताखालून किती वेगवेगळे आवाज निघाले पाहा. एकही दुसऱ्यासारखा नाही. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या मापानं मोजलं गेलं, त्यानं आपल्या शिष्यांना एकाच साच्यात घातलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. १९५२ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी भीमसेनांनी पुण्यात त्यांच्या नावानं महोत्सव सुरू केला, आणि तिकडे कुंदगोळला नाडगीर वाड्यातही त्यांच्या स्मरणार्थ मैफली होतात. पुण्याच्या महोत्सवाच्या नावात आज भीमसेनांचंही नाव आहे. गुरूचं नाव उपाधी म्हणून मिळालेलं, शिष्याचं जन्माचं; दोन्ही एका फलकावर.

सौदागर गोरे साताऱ्याकडचे. जन्म १९१८. दहाव्या वर्षाच्या आसपास दामूअण्णा जोशी यांच्या बालमोहन नाटक मंडळीत आले, आणि अनंत हरी गद्रे यांनी त्यांना ‘छोटा गंधर्व’ म्हटलं, अशी नोंद आहे. पुढे काही वर्षांतच आचार्य अत्र्यांची नाटकं बालमोहनच्या रंगमंचावर गाजली. या उपाधीत तुलना नव्हती, वारसा होता: मोठा गंधर्व आहे, हा छोटा. पण मोठ्याचा वारसा घ्यायचा म्हणजे काय घ्यायचं? सौदागरांचा मोठेपणा असा की त्यांनी नाव कमावलं ते पुरुषभूमिकांवर. स्त्रीपार्टींचा काळ सरत आला होता आणि ते त्यांनी ओळखलं होतं. ‘मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी, छोटा गंधर्वांनी पुढे गाजवला तो त्याच नाटकातला धैर्यधर. एका नाटकाच्या नायिकेला एक गंधर्व आणि नायकाला दुसरा, मध्ये काही दशकं. ‘सौभद्र’मधला त्यांचा कृष्ण ज्यांनी पाहिला ते अजूनही त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. विद्याधर गोखल्यांच्या ‘सुवर्णतुला’ला त्यांनी चाली दिल्या, ‘गुणरंग’ या नावानं बंदिशी बांधल्या. संगीतकार म्हणून त्यांची जी दखल घ्यायला हवी होती ती आपण घेतली नाही. ‘छोटा’ या शब्दानं त्यांचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. छोटा म्हटलं की ऐकणारा आपोआप मोठ्याकडे वळतो.

आणि वय? बालगंधर्व १९६७ मध्ये गेले, ऐंशीच्या उंबरठ्यावर. छोटा गंधर्व १९९७ मध्ये, तेही ऐंशीच्या उंबरठ्यावर. कुमार सदुसष्टाव्या वर्षी. बाल, छोटा, कुमार ही तिन्ही विशेषणं लहान मुलांना दिलेली, आणि पांढऱ्या केसांपर्यंत टिकलेली. आपल्याकडे गाणाऱ्या मुलाचं कौतुक करताना मोठ्यांना हे सुचत नाही की हा मुलगा उद्या म्हातारा होईल आणि तेव्हाही लोक त्याला याच नावानं हाक मारतील.

इथे थोडं बाहेर डोकावतो. एकच नाव दोन कलावंतांनी वापरणं ही काही आपलीच गोष्ट नाही. लंडनमध्ये १९६० च्या दशकात ‘निर्वाना’ नावाचा एक बँड होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९८७ मध्ये दुसरा ‘निर्वाना’ निघाला आणि १९९१ नंतर जगभर गाजला. जुन्यांनी नव्यांवर दावा लावला, प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, नाव दोघांकडे राहिलं. पुढे १९९६ मध्ये जुन्या लंडनवाल्यांनी नव्यांचंच एक गाणं आपल्या पद्धतीनं गाऊन ध्वनिमुद्रित केलं. ही शेवटची गोष्ट मला आवडते. नावाची मालकी वकिलांनी ठरवली. पण एका निर्वानानं दुसऱ्याचं गाणं गायलं, तेव्हा ते दोन निर्वाना खरोखर भेटले.

आपल्याकडेही नेमकी तशी भेट झाली, आणि कोर्ट मध्ये न येता झाली. त्यासाठी चौथ्या गंधर्वाकडे जावं लागेल.

शिवपुत्र कोमकली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ चा. घरची भाषा कानडी. एका मठाच्या स्वामींनी मुलाचं गाणं ऐकून ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. हा मुलगा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं उतरवायचा. १९३६ मध्ये मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांनी जिना हॉलमध्ये भरवलेल्या परिषदेत तो गायला तेव्हा लोक थक्क झाले. त्या वेळी त्याचं गाणं म्हणजे इतरांच्या गाण्याचा लखलखीत आरसा होता. देवधरांच्या हाताखाली तो शिकला, नावारूपाला आला, आणि क्षयानं त्याला गाठलं. १९४८ च्या जानेवारीत कुमार हवापालटासाठी माळव्यात देवासला गेले. जवळपास पाच-सहा वर्षं गाणं बंद. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी. बिछान्यावर पडल्या पडल्या त्यांनी ऐकलं ते माळव्यातल्या बायकांचं ओवीसारखं गाणं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या फकिरांची निर्गुणी भजनं. पुन्हा गायला उठले तेव्हा आरसा फुटला होता. लांब श्वास परवडत नव्हता म्हणून स्वरवाक्यं तुटक झाली, आणि त्या तुटण्यातून एक नवीच रीत निघाली. राग लोकधुनेतून कसा उगवतो याचा शोध त्यांनी घेतला, नवे राग बांधले, १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध केला.

आणि त्याच दशकात त्यांनी एक कार्यक्रम केला, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. या पुस्तकाचं बीज तिथे आहे, म्हणून त्या नावाशी जरा थांबू. ‘आवडलेले’ नाही, ‘आठवणीतले’ नाही. उमजलेले. समजणं डोक्याचं असतं. उमजणं जरा उशिरा, आतून, आपल्यापुरतं येतं. आणि आधी ‘मला’. म्हणजे हे बालगंधर्व माझ्यापुरते, तुमचे वेगळे असतील तर असोत.

ती तबकडी ऐकताना पहिली दोन मिनिटं माझा कान बालगंधर्व शोधत राहिला. त्यांचा तो ओलसर, किंचित सानुनासिक, लयीवर हलकेच रेलणारा गळा इथे नाही. कुमारांचा आवाज टोकदार. सुरावर वरून झडप घालणारा. मग ध्यानात यायला लागलं की चाल तीच, शब्दांचं तोडणं तेच, सम गाठण्याआधीची ती छोटीशी दिरंगाई तीच. बालगंधर्व पदातला शब्द कधी तानेखाली दाबत नसत; हरकत एवढीशी, शब्दाच्या कडेला. अहमदजान थिरकवाँसारखा तबलिया साथीला असताना लयीशी खेळायचा मोह किती असेल, पण ते वाक्याचा अर्थ आधी पुरा करत. कुमारांनी नेमकं हे उचललं आणि गळा मात्र स्वतःचाच ठेवला. ज्या मुलानं लहानपणी सगळ्यांच्या नकला हुबेहूब केल्या, त्यानं चाळिशीत बालगंधर्वांची नक्कल करायचं नाकारलं. ‘कुमार’ आणि ‘बाल’ या दोन उपाध्या त्या दिवशी गळून पडल्या. राहिले राजहंस आणि कोमकली, एक पद मध्ये ठेवून समोरासमोर.

एका गोष्टीची खंत लिहून ठेवतो. मराठीत गाजलेला एकही गंधर्व बाई नाही. मोगूबाई कुर्डीकर गानतपस्विनी झाल्या, किशोरी आमोणकर गानसरस्वती, हिराबाई बडोदेकर गानकोकिळा. पुराणात गंधर्व पुरुष आणि अप्सरा बायका, म्हणून तसं झालं असेल. पण सवाई गंधर्वांच्या गुरूंची, अब्दुल करीमखाँसाहेबांची मुलगी म्हणजे हिराबाई. जाहीर मैफलीत बसून गाण्याची वाट ज्या बाईनं इतर बायकांसाठी मोकळी केली, तिच्यासाठी आपल्याला कोकिळेपलीकडचा शब्द सापडला नाही. स्त्रीवेषातल्या पुरुषाला मात्र आपण स्वर्गातला गायक म्हटलं. यात बालगंधर्वांचा दोष नाही. हाक मारणाऱ्यांचा आहे.

नाव पुढेही चालत राहिलं. आनंद भाटे लहानपणीच ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ते भीमसेन जोशींचे शिष्य, भीमसेन सवाई गंधर्वांचे. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात पडद्यावर सुबोध भावे होते आणि त्यांच्यासाठी गायले आनंद भाटे. म्हणजे सवाई गंधर्वांच्या शिष्याच्या शिष्यानं बालगंधर्वांना आवाज दिला. खापर्ड्यांनी ज्या दोघांना समोरासमोर उभं करून पावाचा फरक काढला होता, त्यांच्या वाटा शंभरएक वर्षांनी अशा एका गळ्यात येऊन मिळाल्या.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रकरणांना मी उपाध्यांची नावं दिलेली नाहीत. पहिलं प्रकरण ‘राजहंस’, दुसरं ‘कुंदगोळकर’, तिसरं ‘गोरे’, चौथं ‘कोमकली’. लांबी सारखी नाही. राजहंसांचं प्रकरण मोठं आहे, कारण त्यात कंपनीचं कर्ज, १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटातला एकनाथ आणि शेवटची विपन्नावस्था असं सगळं येतं. गोऱ्यांचं त्याहून लहान असलं तरी सर्वांत जास्त मेहनत त्यावर झाली आहे, कारण त्यांच्याबद्दल लिहिलेलं फार थोडं आहे. ज्यांच्याकडे छोटा गंधर्वांच्या प्रयोगांच्या जाहिराती, पदांची पुस्तकं किंवा घरगुती ध्वनिमुद्रणं असतील त्यांनी ती जपून ठेवावीत, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला तरी दाखवावीत. माळ्यावरच्या पेटीत वाळवी लागायच्या आत.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ते स्त्रीभूमिकेत, दुसऱ्यात पुरुषवेषात. प्रयोगाला येणारे बहुतेक लोक स्त्रीवेषातल्या चित्रापाशी थांबतात. या रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हातून बसली, आणि ते उघडलं १९६८ मध्ये, ते गेल्यानंतर. पुन्हा कधी तिकडे गेलात तर दुसऱ्या चित्रासमोरही थोडं थांबा. ते नारायणराव राजहंस आहेत.